अंगणातील वेळूचे बेट : प्रस्तावना

इसवी सन १८९६ मध्ये वेळू या एकाच वनस्पतीवर इंग्रजी भाषेत दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले. पहिला जेम्स साइक्स गँबल यांचा. डेहराडूनच्या वनविद्यालयाचे संचालकपद सांभाळणाऱ्या या वनाधिकाऱ्याने ब्रिटिश हिंदुस्थानच्या समग्र मुलखातील वेळूंच्या जाती निश्चित करून त्यांची सचित्र नोंद सिद्ध केली, आणि कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाने ती आपल्या ग्रंथमालेत छापली. दुसरा फ्रीमन-मिटफर्ड यांचा. जपानातील इंग्रजी वकिलातीत उमेदवारीची वर्षे काढलेल्या या गृहस्थांनी पुढे ग्लॉस्टरशायरातील बॅट्सफर्ड येथे आपल्या बागेत चीन-जपानकडचे काटक वेळू लावले, आणि इंग्लंडच्या थंडीत ते कसे तग धरतात याचा वृत्तांत मोठ्या रसिकतेने लिहून काढला. दोन्ही ग्रंथ आपापल्या परीने मान्यवर आहेत. तथापि कोकणातल्या, देशावरच्या किंवा वऱ्हाडातल्या घराच्या परसात, विहिरीच्या काठी, अथवा शहरातील सदनिकेच्या सज्जात वेळूचे एखादे बेट असावे असे ज्याच्या मनाने घेतले आहे, त्याच्या हाती त्यांतून फारसे काही लागत नाही. कारण गँबलची दृष्टी जातिनिर्णयावर खिळलेली आहे, आणि मिटफर्डचे वेळू बहुतांशी निराळ्याच स्वभावाचे आहेत. प्रस्तुत पुस्तक त्या मधल्या रिकाम्या जागेसाठी लिहिले आहे.

बागेत वेळू लावू नये, तो जमीन गिळंकृत करतो, कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या हद्दीत शिरतो, असा जो प्रवाद अलीकडे शहरांतील सुविद्य मंडळींच्या तोंडी ऐकू येतो, तो आपल्याकडील वेळूच्या वर्तनावरून निघालेला नसून समुद्रापलीकडून आलेला आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. युरोप-अमेरिकेच्या समशीतोष्ण बागांत लावला जाणारा वेळू प्रायः फिलोस्टॅकिस या कुळीचा असतो. त्याचे भूमिगत खोड सडपातळ असून ते मातीखाली आडवे धावत राहते, आणि त्याच्या पेरापेरावरील डोळ्यांतून मूळ काठीपासून कित्येक हात दूर, कधी शेजाऱ्याच्या हिरवळीच्या ऐन मध्यभागी, कोंब डोके वर काढतात. न्यू यॉर्क राज्याने या कुळीतील दोन जातींच्या विक्रीस मज्जाव केला आहे, आणि कनेक्टिकट राज्याने तर २०१३ साली धावत्या वेळूविषयी स्वतंत्र कायदा करून शेजारच्या जमिनीपासून किती अंतर राखावे याचीही शर्त घातली आहे. तिकडे स्थायिक झालेले आपले आप्तेष्ट घर विकत घेताना मागल्या कुंपणाशी वेळू आहे काय याची चौकशी करतात ती अकारण नव्हे. परंतु त्यांनी दूरध्वनीवरून दिलेला इशारा रत्नागिरीच्या वा नागपूरच्या परसास लागू करणे म्हणजे एकावरची फिर्याद दुसऱ्यावर चालवणे होय.

उष्ण कटिबंधातील, विशेषतः आपल्या देशातील, बहुतेक वेळू बेटाने वाढतात. त्यांचा कंद आल्याच्या कुडीसारखा आखूड व जाड असतो. तो मातीत वीतभर आडवा सरकतो, लगेच तोंड वर वळवतो आणि स्वतःच काठी होतो. पुढल्या वर्षीचा कंद या कंदाच्या कुशीतील डोळ्यातून निघतो, तोही तसाच वीत-दोन वीत जाऊन वर वळतो. या रचनेमुळे बेटाचा घेर दरसाल वाढतो खरा, पण ही वाढ डोळ्यांदेखत, पायरीपायरीने होणारी असून मालकास न कळवता दहा हातांवर कब्जा सांगणे या वेळूच्या शरीरधर्मातच बसत नाही. ईशान्येकडील मुळी वेळू हा याला एक अपवाद; त्याच्या कंदाची मान लांब असल्याने त्याच्या काठ्या विखरून उगवतात, आणि म्हणून घरगुती बागेत तो लावू नये. बाकीच्यांविषयी हद्दीचे भय बाळगण्याचे कारण नाही. बेट खरोखरी त्रास देते ते दुर्लक्षामुळे, आणि त्याचे विवेचन पुढे येईलच.

आपल्या वृद्ध मंडळींचा आक्षेप मात्र निराळा, आणि तो इतक्या सहज उडवून लावण्याजोगा नाही. बेटात पाचोळा साचतो, पाचोळ्यात उंदीर राहतात, उंदरांमागे साप येतात. शिवाय घाटाखालच्या रानात हिरव्या रंगाचा विषारी चापडा वेळूच्या फांद्यांतच बेमालूम बसलेला असतो. ही तक्रार वस्तुस्थितीस धरून आहे, आणि तिचे उत्तर इतकेच, की बुंध्यापाशी हात घालण्याआधी काठीने पाला हलवावा, व निजण्याच्या खोलीच्या खिडकीस भिडवून बेट लावू नये. तिरडीस वेळू लागतो म्हणून तो दारी नको, हा दुसरा आक्षेप मला कधीच पटला नाही. ज्या वेळूची तिरडी होते त्याच वेळूवर पाडव्याची गुढी उभी राहते, त्याचाच लग्नाचा मांडव होतो, आणि चैत्री पौर्णिमेस जोतिबाच्या डोंगरावर गगनास भिडणाऱ्या ज्या सासनकाठ्या नाचवल्या जातात त्याही वेळूच्याच. बुरुडाच्या हातून सूप, रोवळी, परडी, कणगी, डालगे असा संसाराचा अर्धाअधिक सरंजाम ज्याच्यातून निर्माण होतो, त्या वनस्पतीवर अशुभाचा शिक्का मारणे हा कृतघ्नपणा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता बेटाच्या जीवनक्रमाकडे वळू. वेळू हे तृण आहे. त्याची गणना गहू, ज्वारी, ऊस यांच्याच कुळात होते, आणि वृक्षाच्या खोडात दरवर्षी नवा घेर चढवणारा जो थर असतो तो त्याच्या ठायी नसतो. परिणामी कोंब जमिनीतून वर येतो तो आपल्या पुऱ्या जाडीनिशीच येतो. नंतर तो उंच होईल, कठीण होईल, पण तसूभरही जाड होणार नाही. ज्येष्ठ-आषाढाच्या सरी स्थिरावल्या की कोंब फुटू लागतात, आणि मोठ्या जातींत ऐन भरात एका अहोरात्रात फूटभर वाढ दिसून येते. दोन-चार महिन्यांत काठी आपली संपूर्ण उंची गाठते, अंगावरच्या खोळी गाळते, मग फांद्या व पाने पसरते. या अवाढव्य उद्योगास लागणारे अन्न कोंबाने स्वतः मिळवलेले नसते. आदल्या साली पानांनी तयार करून कंदात साठवलेल्या गंगाजळीतून ते पुरवले जाते. म्हणूनच नव्याने लावलेल्या रोपास पहिली दोन-तीन वर्षे पेन्सिलीएवढ्या काटक्याच फुटतात आणि मालक निराश होतो. गंगाजळी वाढेल तसा दरसालचा कोंब आदल्या सालापेक्षा जाड निघतो, आणि पाच-सहा वर्षांनी बेट आपल्या जातीच्या पूर्ण मापास पोचते. मधल्या काळात रोप उपटून जागा बदलण्याचा मोह ज्याला आवरत नाही, त्याने वेळूच्या नादी न लागता तगर लावावी.

बेटातील सर्व काठ्या एका वयाच्या नसतात, आणि बेट राखण्याची सारी विद्या हे वय ओळखण्यात आहे. पहिल्या वर्षाची काठी गर्द ताजी हिरवी, पेरांवर पांढुरकी भुकटी असलेली आणि कुठे कुठे खोळ चिकटून राहिलेली असते. दुसऱ्या वर्षी भुकटी झडते, फांद्या भरतात. तिसरा पावसाळा पाहिलेल्या काठीचा रंग निस्तेज, पिवळसर होऊ लागतो, तिच्यावर दगडफुलाचे करडे ठिपके उमटतात आणि बोटाने ठोकली असता ती खणखणीत बोलते. पुढल्या साली कोंब देण्याचे काम बहुशः पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या काठ्यांच्या कंदांवर असते. त्यामुळे तोडायची ती तीन वर्षांची किंवा त्याहून जुनी काठी, ही गोष्ट वेळूच्या व्यवहारात मूलभूत होय. आता अडचण अशी, की नवा कंद नेहमी बाहेरच्या बाजूस सरकत असल्याने तरुण काठ्या घेराच्या कडेवर आणि म्हाताऱ्या काठ्या गाभ्यात असतात. आळशी माणूस विळा घेऊन येतो, कडेच्या काठ्या हाताशी असतात म्हणून त्या तोडतो, आणि गाभा तसाच ठेवून निघून जातो. दहा वर्षे हा क्रम चालला, की मध्ये वाळलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या काठ्यांचा असा कोट उभा राहतो की त्यात कोयताही शिरू नये. मग लोक म्हणतात, वेळू माजला. वस्तुतः तो माजलेला नसतो, कोंडलेला असतो.

असे कोंडलेले बेट सोडवण्याची वनखात्याची एक जुनी रीत आहे, आणि ती घरच्या बेटासही तितकीच उपयोगी पडते. ज्या बाजूस तरुण काठ्या कमी असतील त्या बाजूने बेट फोडून आत वाट काढायची, गाभ्यातील जुन्या व मेलेल्या काठ्या तिथून ओढून घ्यायच्या, आणि उरलेले बेट घोड्याच्या नालेच्या आकाराचे ठेवायचे. कामाचा हंगाम पाऊस संपल्यापासून हिवाळ्याच्या अखेरपर्यंत. कोंब फुटत असताना बेटात लोखंड घालू नये. काठी जमिनीलगत, पण गाठीच्या किंचित वर तोडावी, म्हणजे उरलेल्या खुंटाची वाटी होऊन तीत पाणी साचणार नाही व डासांची सोय होणार नाही. वद्य पक्षात तोडलेल्या काठीस भुंगा लागत नाही अशी शेतकऱ्यांची धारणा आहे. तिच्या खरेखोटेपणाची शहानिशा मी या ग्रंथात केलेली नाही, मात्र काठीतील पिष्टमय अंश हे भुंग्याचे भक्ष्य असते आणि कच्च्या काठीस तो लवकर पोखरतो, एवढे निश्चित आहे.

तोडण्याचा विषय निघाला आहे तेव्हा कायद्याचाही उल्लेख करणे प्राप्त आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात वृक्ष या संज्ञेच्या व्याख्येत वेळूचा अंतर्भाव केलेला होता. त्या एका शब्दापायी स्वतःच्या मालकीच्या जमिनीत वाढवलेला वेळू तोडून गाडीत घालण्यासाठी सरकारी परवान्याची दगदग माणसांच्या वाट्यास आली. वनस्पतिशास्त्राने ज्यास तृण म्हटले त्यास महसुली दफ्तराने नव्वद वर्षे झाड मानले. २०१७ साली आधी वटहुकमाने व पाठोपाठ संसदेच्या कायद्याने तो शब्द व्याख्येतून वगळण्यात आला, आणि वनेतर जमिनीवरचा वेळू त्या बंधनातून मोकळा झाला. वनातील वेळूवर ग्रामस्थांचा हक्क हा याहून निराळा आणि मोठा प्रश्न. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावास २०११ साली वाहतूक परवान्याचा अधिकार मिळाला ती घटना या संदर्भात महत्त्वाची आहे, पण परसाच्या पुस्तकात तिचा विस्तार करणे अप्रस्तुत ठरेल.

कोणती जात लावावी, या प्रश्नास माझे उत्तर जागेवर अवलंबून राहील. सिंधुदुर्गातील बांधाबांधावर दिसणारा माणगा मला घरगुती बागेसाठी सर्वांत गुणी वाटतो. तो काटेरहित आहे, त्याची काठी जवळजवळ भरीव असते, बेट मोकळे राहते व उंची तीस फुटांच्या आसपास आवरते. शास्त्रीय ग्रंथांत त्याची पहिली नोंद १८६८ साली कर्नल मन्रो या लष्करी अधिकाऱ्याने केली, आणि मुंबई इलाख्यातील वैद्यकीय सेवेत असलेल्या डॉ. स्टॉक्स यांचे नाव त्यास दिले. मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या हवेत मानवेल अधिक टिकतो. उन्हाळ्याच्या तोंडी तो पाने गाळतो, त्याने घाबरून जाऊ नये. काटस मोठा, देखणा आणि काटेरी. शेताच्या कुंपणास तो उत्तम, मुले खेळतात त्या अंगणास सर्वथा अयोग्य. सोनेरी काठीवर हिरव्या रेघा ओढलेला पिवळा वेळू सर्वांच्या परिचयाचा आहे, पण त्याचे बेट कालांतराने बैलगाडीएवढी जागा व्यापते हे विकत घेताना कोणी सांगत नाही. भेटवस्तूंच्या दुकानांत काचेच्या भांड्यात पाण्यावर ठेवलेला तथाकथित भाग्यवर्धक बांबू तर वेळूच नव्हे. तो आफ्रिकेतील ड्रॅसीना होय, आणि त्याच्या भाग्याशी या पुस्तकाचा संबंध नाही.

कुंडीतील वेळू हे या पुस्तकाचे दुसरे अंग. जमिनीत जी सवलत माणसास मिळते ती कुंडीत मिळत नाही, कारण इथे माती मोजून दिलेली असते. यासाठी प्रथम आकारमानाने आवरती जात घ्यावी. बारीक पानांचा, कुंपणासाठी लावला जाणारा चिनी वेळू या कामी सर्वांत सोशीक आहे. कुंडी रुंद तोंडाची, सरळ वा वर पसरत जाणाऱ्या भिंतींची असावी. माठाच्या घाटाची कुंडी दिसते सुंदर, पण दोन-तीन वर्षांनी मुळांचा गड्डा बाहेर काढायची वेळ आली की ती फोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. दोनशे लिटरच्या पिंपाचे दोन भाग करून खाली भोके पाडली तर स्वस्तात चांगली सोय होते; मात्र भिजलेल्या मातीनिशी असा अर्धा पिंप दीडशे किलोच्या घरात जातो, तेव्हा गच्चीवर त्यांची रांग मांडण्यापूर्वी घर बांधणाऱ्या जाणकारास विचारावे, आणि पिंप तुळईच्या वर किंवा भिंतीलगत ठेवावेत. लाल माती, कुजलेले शेणखत व नारळाचा भुसा यांचे मिश्रण मानवते. वेळूची मुळे खोल जाणारी नसून वरच्या थरात दाट जाळे विणणारी असतात, त्यामुळे उथळ पण रुंद भांडे खोल व अरुंद भांड्यापेक्षा श्रेयस्कर.

कुंडीतील मर्यादेचा एक चमत्कार इथेच सांगितला पाहिजे. बुद्धाच्या पोटाचा म्हणून ओळखला जाणारा जो वेळू आहे, ज्याची पेरे खाली फुगीर असतात, त्याचे वर्णन १९३८ साली मॅक्‌क्ल्यूर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने दक्षिण चीनमधील नमुन्यांवरून केले. हा वेळू मोकळ्या, सकस जमिनीत लावला तर सरळ सोट वाढतो आणि त्याची पेरे इतर वेळूंप्रमाणे सडपातळ राहतात; कुंडीत कोंडून, पाण्याचा हात आखडता घेतला म्हणजेच ते सुप्रसिद्ध उदर प्रकट होते. उपासमारीने पोट सुटण्याचे हे उदाहरण सृष्टीत विरळाच. आपल्याकडील रोपवाटिकांत याच नावाने बहुधा दुसरीच वस्तू मिळते. ती नेहमीच्या वेळूची एक बुटकी उपजात असून तिची पेरे जमिनीतही फुगलेलीच राहतात. ज्याला फुगीर पेरे हवीत पण रोपाची उपासमार करणे जिवावर येते, त्याने खुशाल हीच घ्यावी.

पाण्याविषयी वेळू स्वतःच बोलतो. तहान लागली की त्याची पाने लांबीच्या दिशेने गुंडाळली जातात, आणि पाणी मिळताच तासाभरात उलगडतात. वैशाखात कुंडीस सकाळ-संध्याकाळ पाणी लागेल. पण तळाशी साचलेले पाणी मात्र कंद कुजवते. गळालेला पाला झाडून कचऱ्यात देणारा माणूस बेटाचा खुराक फेकून देतो. त्या पानांतील सिलिका वेळूस पुन्हा हवीच असते, म्हणून पाला बुंध्याशीच पसरावा. चापड्याचे भय असेल तिथे तो कुजवून मग घालावा. कोंडलेल्या बेटाचे कंद हळूहळू मातीच्या वर चढत येतात, कुंडीत तर ते काठावरून बाहेर डोकावतात. त्यांवर दर पावसाळ्याआधी शेणखत मिसळलेली माती चढवावी, आणि कुंडी पुरती भरली म्हणजे गड्डा बाहेर काढून करवतीने त्याचे भाग करावेत. प्रत्येक भागास तरुण कंद व जिवंत डोळे असलेच पाहिजेत. नुसत्या म्हाताऱ्या काठीचा भाग वर्षभर हिरवा राहील आणि मग मरेल. पिठ्या ढेकूण, मावा व त्यांच्या चिकट्यावर येणारी काजळी या किरकोळ व्याधी होत. गावाकडे खरे शत्रू साळिंदर, रानडुक्कर व वानर. तिघांनाही कोवळे कोंब अतिशय आवडतात. अर्थात ते माणसालाही आवडतात. गडचिरोलीकडे त्यांना वास्ते म्हणतात. त्यांतील विषारी अंश नाहीसा होण्यासाठी ते चिरून चांगले उकळावेत व पाणी फेकून द्यावे. कच्चे कदापि खाऊ नयेत.

शेवटी फुलोऱ्याविषयी, कारण त्याची दहशत अद्याप ओसरलेली नाही. काटस तीस ते पंचेचाळीस वर्षांनी एकदा फुलतो, मुलखातील बेटे एकदम फुलतात, बी धरतात आणि वाळून जातात. दुष्काळाशी या घटनेचा जो संबंध लोक जोडतात त्यास आधार आहे. मिझोरमच्या डोंगरांत मुळी वेळू सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी फुलतो. १९५९ च्या सुमारास तो फुलला तेव्हा बियांवर पोसलेल्या उंदरांच्या झुंडींनी शेते फस्त केली, उपासमार झाली, आणि मदतीसाठी स्थापन झालेल्या संघटनेतून १९६१ साली जो राजकीय पक्ष निघाला त्याने १९६६ साली बंड पुकारले. परसातील एका बेटातून असे काही उद्भवणार नाही. मालकाचे बेट तेवढे जाईल. परंतु फुलोऱ्याचे घड्याळ कंदाबरोबर चालत येते. जुन्या बेटाच्या कंदापासून केलेले रोप दिसायला कितीही लहान असले तरी त्याचे वय मूळ बेटाचेच असते, आणि ते मूळ बेटाच्या सोबतीने फुलून मरू शकते. म्हणून मानवेल किंवा काटस विकत घेताना रोप बियापासूनचे की कंदापासूनचे, हे आधी विचारावे. बियापासूनचे असेल तर बी कोणत्या सालचे हे वहीत टिपून ठेवावे. कंदापासूनचे असेल आणि मूळ बेट केव्हाचे हे विकणाऱ्यास सांगता येत नसेल, तर ते रोप तिथेच ठेवून पिवळा वेळू घ्यावा. तो क्वचितच फुलतो, बी धरत नाही, आणि आज जगभर जितका आहे तितका सगळा माणसाने काठीचे तुकडे लावूनच वाढवलेला आहे.